स्टेंटचा दर ठरला, शुश्रूषेचा केव्हा ठरणार?

१३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने हृदयाच्या धमनीत बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवून दिली. साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये. त्यापूर्वी औषधलेपित स्टेंट लाख-सव्वा लाख रुपयांना सर्रास रुग्णाच्या माथी मारला जात असे. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे सरकारी किंमत-नियंत्रणाविषयी माझ्या मनात नेहमीच शंका असते. तरीही हा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. छातीत कळ येऊन खाटेवर पडलेला माणूस बाजारात भाव करू शकत नाही, आणि जिथे ग्राहक भाव करू शकत नाही तिथे शासनाने मध्ये पडणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

माझा आक्षेप पुढे सुरू होतो. स्टेंट बसवल्यानंतरच्या रात्री त्या रुग्णाकडे दर तासाला कोण पाहणार? त्या व्यक्तीवर त्या रात्री आणखी किती रुग्णांचा भार असणार? तिला वेतन किती मिळणार? आणि रुग्ण बिघडत आहे असे तिच्या लक्षात आले, तर डॉक्टर येईपर्यंत काय करण्याचा तिला अधिकार असणार? या चार प्रश्नांवर आपली व्यवस्था जवळजवळ मूक आहे. कागदोपत्री निकष आहेत, पण रात्रीच्या पाळीत ते पाळले गेले की नाही हे कोणी पाहत नाही, आणि न पाळणाऱ्याचे देयक कोणी अडवत नाही. आपण वस्तूचा दर ठरवला. त्या वस्तूमुळे वाचलेला जीव पुढे टिकवणाऱ्या श्रमाचा विचार मात्र केला नाही. हृदयरोगाच्या उपचारांवर सरकारी पैसा ज्या पद्धतीने खर्च होतो, तिच्यातील ही सर्वांत मोठी चूक आहे असे माझे प्रतिपादन आहे. मी आरोग्य खात्यातील अधिकारी नाही. खर्चाच्या फायली वाचण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि हा लेख त्याच दृष्टीने लिहिलेला आहे.

रोगाचे स्वरूप बदलले, खर्चाची रीत बदलली नाही

१९९० साली भारतातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत असत. २०१६ पर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ वर्षे व त्यावरील पुरुषांपैकी २४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी २१ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता. हे विकार विषमज्वरासारखे येऊन जाणारे नाहीत. एकदा आले की ते वीस-वीस वर्षे घरात राहतात. अशा रोगात डॉक्टरचा वाटा मिनिटांचा असतो आणि शुश्रूषेचा वाटा तासांचा, दिवसांचा व वर्षांचा असतो.

परिचारिका नेमके काय करते, हे धोरण ठरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून ते थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या हृदयाची लय पहिल्या एक-दोन दिवसांत केव्हाही बिघडू शकते. मॉनिटर वाजतो, पण तो ऐकणारा आणि त्याचा अर्थ समजणारा माणूस तिथे हवा. अँजिओप्लास्टीनंतर मनगटाच्या वा जांघेच्या ज्या जागेतून नळी घातली तिथे रक्तस्राव होतो आहे का, त्या हाताची वा पायाची नाडी लागते आहे का, रुग्णाला लघवी पुरेशी होते आहे का, हे वारंवार पाहावे लागते. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी एकाच काट्यावर करावे लागते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसून अंगात साठलेले पाणी असते, आणि ते वेळीच ओळखले तर पुन्हा भरती होणे टळते. कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची मात्रा वारंवार रक्त तपासून ठरवावी लागते. हिरड्यांतून रक्त येणे हे क्षुल्लक लक्षण नव्हे, हे त्याला कोणीतरी समजावून द्यावे लागते. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पोटरीत गुठळी होऊ नये म्हणून त्याला शक्य तितक्या लवकर उठवून चालवावे लागते.

रक्तदाब मोजणे ही तर सर्वांत साधी गोष्ट. परंतु रुग्णाला पाच मिनिटे शांत, पाठ टेकून बसवणे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवणे, दंडाच्या मापाचा पट्टा वापरणे आणि मोजताना त्याच्याशी न बोलणे, हे सर्व पाळून किती ठिकाणी रक्तदाब मोजला जातो? चुकीच्या आकड्यावर दिलेले औषध चुकीचेच असणार. या यादीत उद्घाटनाची फीत कापण्याजोगे काही नाही. म्हणूनच बहुधा अर्थसंकल्पाच्या भाषणात कॅथलॅब येते आणि वजनकाटा येत नाही.

एका अधिकारदानाचा इतिहास

हृदयरोगाच्या उपचारातील एक मोठे पाऊल यंत्राने नव्हे तर अधिकारदानाने टाकले गेले, ही गोष्ट प्रशासनातील प्रत्येकाने वाचावी अशी आहे. १९६१ साली ब्रिटनमध्ये डेस्मंड ज्युलियन यांनी अशी कल्पना मांडली की झटका आलेल्या सर्व रुग्णांना एकाच विभागात ठेवावे, त्यांच्या हृदयाची लय सतत पाहावी आणि ती बिघडल्यास तत्काळ विजेचा धक्का द्यावा. १९६२ पासून अमेरिकेत असे विभाग सुरू झाले. यंत्रे आली, खाटा आल्या. तरी एक अडचण उरली. लय बिघडल्यावर हाताशी असतात ती मोजकी मिनिटे, आणि डॉक्टर तेवढ्या वेळात पोहोचेलच याची शाश्वती नव्हती.

फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर यांनी याचा विचार सरळ केला. रुग्णाजवळ चोवीस तास परिचारिका असते. मग तिलाच ईसीजी वाचायला शिकवावे, आणि ठरवून दिलेल्या परिस्थितीत डॉक्टरची वाट न पाहता धक्का देण्याचा अधिकार तिलाच द्यावा. त्या काळी हे धाडसाचे होते. परिचारिकेने निदान करायचे नाही, ही वैद्यकातील जुनी मर्यादा त्यामुळे ओलांडली जात होती. परंतु जिथे जिथे हा अधिकार दिला गेला, तिथे रुग्णालयात पोहोचलेल्या झटक्याच्या रुग्णांचे मृत्यू ढोबळमानाने निम्म्यावर आले. यंत्र अधिकार देण्यापूर्वीही तेच होते. बदलला तो निर्णयाचा स्तर. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्यायोजन झाले.

साठ वर्षांनंतर आपल्या किती रुग्णालयांत परिचारिकेला लेखी स्थायी आदेशानुसार असा अधिकार आहे? माझा अनुभव असा की अधिकाराचा प्रश्न विचारला की उत्तर मिळते, ‘सिस्टर डॉक्टरांना फोन करतात.’ फोन करणे हा संदेश आहे, उपचार नव्हे.

बेंगळुरूने दिलेला पुरावा

माझी नेमणूक सध्या बेंगळुरूत आहे. आपल्याकडे पुरावा नाही असे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला परदेशी जाण्याची गरज नाही. या एका शहरात पुरेसा पुरावा आहे.

येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या ‘क्रिएट’ या नोंदणी-अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ५० शहरांतील ८९ रुग्णालये आणि वीस हजारांहून अधिक रुग्ण. झटक्याच्या एका गंभीर प्रकारात लक्षण सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे निघाला. तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होते. यातील महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत नाहीशी झाली. म्हणजे गरीब अधिक मेले ते त्यांचा रोग वेगळा होता म्हणून नव्हे; ज्ञात, साधी औषधेही त्यांना कमी मिळाली म्हणून. ती औषधे सुरू झाली की नाही, चालू राहिली की नाही, हे पाहणारे कोणी नसणे हा शुश्रूषेचा आणि व्यवस्थेचा प्रश्न आहे.

याच संस्थेच्या नेतृत्वाखाली १४ रुग्णालयांत ‘स्प्रेड’ हा तुलनात्मक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. झटक्यातून वाचलेल्या आठशेवर रुग्णांपैकी अर्ध्यांना प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते रुग्णालयात आणि नंतर घरी जाऊन भेटले, औषधांची आठवण दिली, खाण्यापिण्याविषयी समजावले. वर्षाअखेर औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण या गटात ९७ टक्के, तर दुसऱ्या गटात ९२ टक्के होते; रक्तदाबही या गटात कमी आढळला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. मोजक्या भेटींनी एवढे साधत असेल, तर शिकलेली परिचारिका त्यासाठी नेमून दिल्यास किती साधेल याचा विचार व्हावा.

तिसरा दाखला नारायण हृदयालयाचा. २०१२-१३ च्या सुमारास या समूहाच्या रुग्णालयांत, पुढे ‘नूरा हेल्थ’ या नावाने ओळखल्या गेलेल्या चमूने, हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या नातेवाइकांना शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. जखम कशी स्वच्छ ठेवायची, हात केव्हा धुवायचे, कोणत्या लक्षणाला घाबरायचे आणि कोणत्या नाही, हे चित्रफिती व प्रात्यक्षिके यांच्या साहाय्याने शिकवायचे, आणि शिकवणार परिचारिका. मार्गिकेत ताटकळत बसणारा नातेवाईक ही समस्या नसून मनुष्यबळ आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे अनेक राज्यांच्या सरकारी रुग्णालयांनी हा उपक्रम स्वीकारला.

चौथा दाखला राज्य सरकारचा. अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या नावाने कर्नाटकाने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू केली. तालुका रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या केंद्रातील तज्ज्ञांनी वाचायचा, आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत द्यायचे. योजना उत्तम आहे. पण तिच्या साखळीकडे नीट पाहा. तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला पित्ताची गोळी देऊन घरी न पाठवता दहा मिनिटांत त्याचा ईसीजी झाला पाहिजे, इंजेक्शन दिल्यावर रक्तदाब व रक्तस्राव यांवर लक्ष राहिले पाहिजे. हे बहुतांशी परिचारिकेचे काम आहे. तिथे रात्री एकच परिचारिका असेल आणि तिच्याकडे प्रसूतीही चालू असेल, तर बेंगळुरूतील तज्ज्ञ संगणकासमोर बसून काय करणार?

२०२५ च्या जून-जुलैत हासन जिल्ह्यातील हृदयविकाराच्या मृत्यूंच्या बातम्यांनी राज्यात घबराट पसरली आणि म्हैसूर व बेंगळुरूच्या जयदेव रुग्णालयांपुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. जयदेवच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने मृत्यूंत असाधारण वाढ झाल्याचे आढळले नसल्याचे सांगितले. घाबरून शंभर कोस जाऊन एकदा ईसीजी काढणारा समाज, घराजवळ दरमहा रक्तदाब मोजून घेणारा समाज झाला पाहिजे. तो बदल कोणतीही जाहिरात करणार नाही. उपकेंद्रातील सिस्टरच करील, तिला तेवढी फुरसत असेल तर.

नियम का वळत नाहीत

मग हे होत का नाही? यात दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. हिशेबाची रीतच तशी आहे.

आयुष्मान भारत योजनेत प्रत्येक उपचाराचा एकत्रित दर ठरलेला असतो. त्यात खाट, शुश्रूषा, डॉक्टर, औषधे, भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस असे सर्व धरलेले असते. एकत्रित दराचे फायदे मला मान्य आहेत. पण त्याचा एक अटळ परिणाम असा की रुग्णालय ज्यावर काटकसर करील ते पैसे त्याचे. स्टेंट न बसवता बसवल्याचे दाखवता येत नाही; त्याचे वेष्टन आणि चित्रण मागितले जाते. परिचारिका कमी ठेवल्याचे मात्र कोणत्याच कागदावर दिसत नाही. साहजिकच कात्री तिथे लागते. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिले होते की ज्या सेवेत माणसाचा वेळ हाच माल असतो, ती सेवा इतर वस्तूंच्या तुलनेत उत्तरोत्तर महाग होत जाते. अशा सेवेला हिशेबात स्वतंत्र स्थान दिले नाही, तर ती हळूहळू पातळ केली जाते, दुधासारखी.

रोखीने भरल्या जाणाऱ्या देयकांची तऱ्हा याहून विचित्र आहे. माझ्या एका ज्येष्ठ नातेवाइकांची अँजिओप्लास्टी येथील एका खासगी रुग्णालयात झाली. देयकात ‘शुश्रूषा आकार’ होता, पण तो खोलीच्या दर्जानुसार होता. एकट्याच्या खोलीत दिवसाला जो आकार, त्याहून सामायिक खोलीत बराच कमी. त्या मजल्यावरची सिस्टर मात्र एकच, आणि त्या रात्री तिच्याकडे नऊ रुग्ण. म्हणजे तो आकार शुश्रूषेचा नव्हता, भिंतींचा होता. निघताना हातात पडलेला कागद इंग्रजीत होता. आमचे हे नातेवाईक बेळगावकडचे. त्यांना मराठी आणि कानडी दोन्ही वाचता येतात, इंग्रजी नाही. कोणती गोळी कधीही बंद करायची नाही, हे त्यांना त्या कागदावरून कळणे शक्यच नव्हते. या शहरात मुलाकडे येऊन राहिलेले असे शेकडो मराठी आई-वडील असतील.

सरकारी रुग्णालयांत अडचण आकृतिबंधाची आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या कर्मचारी निरीक्षण पथकाने १९९०च्या दशकाच्या आरंभी जे निकष घातले, त्यांत सर्वसाधारण कक्षासाठी सहा खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागासाठी एका खाटेमागे एक परिचारिका, शिवाय रजा राखीव, असे प्रमाण आहे. निकष वाईट नाहीत. पण पदे मंजूर करताना पाळ्यांचे गणित विसरले जाते. ते गणित मी येथे मांडते. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर वर्षाला १,०९५ पाळ्या लागतात. साप्ताहिक सुट्ट्या, अर्जित व नैमित्तिक रजा आणि सणावाराच्या सुट्ट्या वजा जाता एक परिचारिका वर्षाला सुमारे २६० पाळ्या करते. म्हणजे एका जागेसाठी सव्वाचार पदे हवीत. बारा खाटांच्या हृदय अतिदक्षता विभागात दोन खाटांमागे एक परिचारिका हवी असेल, तर पाळीला सहा, आणि एकूण पंचवीस पदे लागतात. मंजूर पदे बारा असतील, तर प्रत्येक पाळीला तीनही पुरत नाहीत. फलकावर मात्र ‘बारा खाटांना बारा परिचारिका’ असे अभिमानाने लिहिता येते.

त्यातही, दोन वर्षे खपून ईसीजी वाचायला शिकलेली परिचारिका आळीपाळीच्या नियमाने एके दिवशी नेत्रविभागात पाठवली जाते. आपण वैमानिकाला दर दोन वर्षांनी इंजिनचालक करत नाही. परिचारिका म्हणजे कोणत्याही खाचेत बसणारी खुंटी, हा समज या नियमाच्या मुळाशी आहे. तो समज जुना आहे. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने गेल्या शतकाच्या आरंभी मुलींना व विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण देण्यास सुरुवात केली, तेव्हा समाजाने नाके मुरडली. शतक उलटले, आपण आता नाके मुरडत नाही, फक्त पगार देत नाही.

पगाराचेही पाहा. परिचारिकांच्या संघटनेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. समितीने शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत वेतन राज्य सरकारच्या परिचारिकांइतके असावे, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते दरमहा वीस हजारांखाली असू नये. केरळने २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढली, तीही संघर्षानंतर. स्टेंटच्या अधिसूचनेला मात्र देशभर एका रात्रीत तत्काळ अंमल मिळाला होता. बेंगळुरू हे नर्सिंग शिक्षणाचे मोठे केंद्र. येथे केरळच्या, ईशान्येच्या मुली कर्ज काढून शिकतात, वर्ष-दोन वर्षे अनुभवाच्या दाखल्यासाठी राबतात आणि आखातात वा ब्रिटनमध्ये निघून जातात. त्यांना दोष देण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप खर्चाचा. मी हिशेब करून दाखवते. एका परिचारिकेवरील सर्व खर्च दरमहा साठ हजार रुपये धरू. दोन खाटांमागे एक, चोवीस तास, याचा भार एका खाटेला दिवसाला सुमारे ४,२०० रुपये येतो. चार खाटांमागे एक ठेवली तर २,१००. फरक दिवसाला २,१०० रुपयांचा. अतिदक्षता विभागातील दोन दिवसांचे ४,२०० रुपये. औषधलेपित स्टेंटच्या किमतीत एका अधिसूचनेने जी घट झाली, तिच्या तुलनेत ही रक्कम किती आहे? शिवाय हा खर्च परत येतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ साली परिचारिकांचे किमान प्रमाण कायद्याने ठरवले. २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मृत्यू आणि पुन्हा भरती होणे कमी झाले, आणि वाचलेला खर्च वाढीव खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. युरोपातील नऊ देशांतील तीनशे रुग्णालयांचा २०१४ सालचा अभ्यास सांगतो की परिचारिकेच्या माथी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. ही काटकसर नव्हे. हे कर्ज आहे, आणि ते रुग्ण फेडतो.

दुसरा आक्षेप काही डॉक्टरांचा: परिचारिकांचे शिक्षणच कच्चे, त्यांना अधिकार कसले द्यायचे? अनेक नर्सिंग महाविद्यालयांचा दर्जा खालावलेला आहे हे मला मान्य आहे. पण त्यावर उपाय परीक्षा, प्रशिक्षण आणि लेखी मर्यादा हा आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०२३ साली १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. शिक्षण वाढवायचे आणि आकृतिबंधात त्या शिक्षणाला साजेसे पद ठेवायचे नाही, याला धोरण म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या सहकाऱ्यांचा, आणि तो सर्वांत सोयीचा: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, केंद्र काय करणार? केंद्र नियामक नसेल, पण ते मोठे गिऱ्हाईक आहे. आयुष्मान भारत, केंद्र सरकार आरोग्य योजना, माजी सैनिकांची योजना, रेल्वे, कर्मचारी राज्य विमा: या सर्वांच्या वतीने केंद्र खासगी रुग्णालयांकडून सेवा विकत घेते. केंद्र सरकार आरोग्य योजनेत मान्यताप्राप्त रुग्णालयांना अधिक दर देण्याची प्रथा आहेच. जो गुणवत्तेच्या प्रमाणपत्राला अधिक पैसे देऊ शकतो, तो रात्रीच्या पाळीतील परिचारिकांच्या संख्येलाही देऊ शकतो.

चौथा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण व्यवहारात तोच चालतो: नातेवाईक असतातच की! असतात. बहुधा पत्नी किंवा सून. तिला शिकवणे हे पुण्यकर्म आहे. तिला न शिकवता रात्रभर सलाईनकडे पाहत बसवणे ही वेठबिगार आहे.

काय करावे

१. सरकारी योजनांशी करार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने हृदय अतिदक्षता विभागातील प्रत्येक पाळीच्या परिचारिका व रुग्ण यांची संख्या रोज प्रसिद्ध करावी. दर त्याच्याशी जोडावा.

२. एकत्रित दरातून शुश्रूषेचा भाग वेगळा दाखवावा, आणि तो खोलीच्या दर्जाऐवजी रुग्णाच्या गरजेनुसार ठरवावा.

३. लेखी स्थायी आदेश काढून प्रशिक्षित परिचारिकेला ईसीजी काढणे, हृदयाची घातक लय ओळखून विजेचा धक्का देणे आणि ठरलेली पहिली औषधे देणे यांचे अधिकार द्यावेत. प्रत्येक प्रसंगाची नोंद तपासली जावी.

४. हृदयविभागातील प्रशिक्षित परिचारिकांना आळीपाळीच्या बदलीतून वगळावे आणि त्यांना विशेष वेतन द्यावे.

५. घरी सोडण्यापूर्वीचे शिक्षण रुग्णाच्या भाषेत व्हावे, आणि नंतर पंधरा दिवसांत परिचारिकेने दोनदा चौकशी करावी. या कामाला स्वतंत्र दर असावा. त्याची नोंद नसेल तर देयकातून तेवढी रक्कम कापावी.

६. आकृतिबंध ठरवताना सव्वाचारचे गणित बंधनकारक करावे.

या सहांपैकी पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या सूचनेसाठी नवा कायदा लागत नाही. करारातील एक कलम आणि एक परिपत्रक पुरे. उरलेल्या दोन राज्यांनी मनावर घ्यायच्या आहेत.

माझ्या वित्त विभागातील मित्रांना एकच विनंती आहे. यापुढे तुमच्या मेजावर नव्या कॅथलॅबचा प्रस्ताव येईल. यंत्राची किंमत, इमारतीचा खर्च आणि देखभालीचा करार तुम्ही बारकाईने पाहालच. फाईल परत पाठवून एक परिशिष्ट मागा: या प्रयोगशाळेतून बाहेर येणाऱ्या रुग्णाकडे रात्री बारा ते सकाळी आठ या वेळात किती परिचारिका पाहणार आहेत, आणि त्यांच्या पदांना मंजुरी आहे काय? उत्तर येईपर्यंत फाईलवर सही करू नका.